पंपाला किती मिली? आधी गुंठ्याला किती पाणी पडतं ते मोजा

कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर फवारणीच्या औषधाची बाटली हातात घेतली की बहुतेकांचा प्रश्न ठरलेला असतो: "पंपाला किती टाकू?" आणि समोरून उत्तरही तितक्याच सवयीने येतं, "तीस मिली टाका." यात कोणी फसवत नाही, पण प्रश्नच चुकीचा असल्यामुळे उत्तर बरोबर यायचा फारसा संभव नसतो. सोळा लिटरची टाकी एका माळ्याच्या हाताने दोन गुंठ्यांत रिकामी होते, तर दुसऱ्याच्या हाताने पाच गुंठे उरकते. दोघांनीही तीस मिलीच टाकलेलं असतं. औषधाची मात्रा जमिनीच्या क्षेत्रावर ठरते आणि टाकी हे फक्त ते औषध वाहून नेण्याचं साधन आहे.

शेतात ही ढिलाई बऱ्याचदा झाकली जाते, कारण पीक दाट आणि उंच असतं. लॉनवर मात्र आठवड्याभरात सगळं उघडं पडतं. एक पट्टा पिवळा, शेजारचा हिरवा, मधल्या बोळात लव्हाळा डोलतोय आणि वळायच्या जागी गवत जळून तपकिरी झालंय. सोसायटीचे सभासद मग औषधाला नावं ठेवतात, किंवा माळीदादांना. खरं तर चुकलेलं असतं ते पाण्याचं मोजमाप, म्हणजेच कॅलिब्रेशन. त्याला लागतो अर्धा तास, साधं पाणी आणि थोडी चिकाटी.

हे सगळं पाठीवरच्या पंपाला धरून लिहितो आहे, मग तो हँडलचा असो वा बॅटरीचा. हातातल्या छोट्या दाबाच्या पंपाबद्दल शेवटाकडे वेगळं लिहिलं आहे.

हिशोब गुंठ्यातच करा

चौरस मीटर, चौरस फूट, एकर, हेक्टर या सगळ्यांत फिरत बसलं की डोकं गरगरतं. आपल्याकडे लॉन गुंठ्यातच बसतं आणि गुंठ्याचं गणित योगायोगाने फार सोयीचं आहे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद चौकोन म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे बरोबर एक गुंठा. मीटरमध्ये तो साधारण १०१ चौरस मीटर होतो. एका एकरात ४० गुंठे, आणि एका हेक्टरात जवळजवळ १००, नेमके सांगायचे तर ९८.८.

म्हणून औषधासोबतच्या माहितीपत्रकावर हेक्टरी १ लिटर लिहिलं असेल तर गुंठ्याला १० मिली. एकरी १ लिटर लिहिलं असेल तर ४० ने भागायचं, गुंठ्याला २५ मिली. पाण्याचंही तसंच: एकरी २०० लिटर म्हणजे गुंठ्याला ५ लिटर, आणि हेक्टरी ५०० लिटर म्हणजेही जवळजवळ तेवढंच. एकर आणि हेक्टर यांची गल्लत झाली की मात्रा एकदम अडीचपट होते, त्यामुळे माहितीपत्रक वाचताना पहिलं बोट त्या शब्दावर ठेवा.

आधी लॉन मोजा

"आमचं लॉन अंदाजे दोन गुंठे आहे" हे वाक्य मी ऐकून सोडून देतो. टेप लावा. त्यातून फुलांचे वाफे, झाडांची आळी, पायवाट आणि कारंज्याचा ओटा वजा करायचा असतो, आणि वजाबाकीनंतर दोनाचे दीड गुंठे होणं अगदी नेहमीचं आहे.

चौकोनी तुकडा असेल तर लांबी गुणिले रुंदी. गोल असेल तर त्रिज्या गुणिले त्रिज्या गुणिले ३.१४. बहुतेक बागा मात्र वेड्यावाकड्या असतात, त्यांच्यासाठी पट्ट्यांची पद्धत घ्या. लॉनच्या मधोमध लांबीच्या दिशेने सुतळी ताणा. समजा ती ६० फूट भरली. तिचे दहा-दहा फुटांचे सहा भाग करा आणि प्रत्येक भागाच्या मध्यावर लॉनची आडवी रुंदी मोजा. समजा रुंदी आली २२, २६, ३१, ३०, २७ आणि २४ फूट. बेरीज १६०, गुणिले १०, म्हणजे १६०० चौरस फूट. त्याला १०८९ ने भागलं की १.४७ गुंठे. हा आकडा एकदाच काढावा लागतो, तो वहीत लिहून ठेवा. पुढचं उदाहरण याच लॉनचं घेणार आहे.

नोझल बघा, मगच मोजा

पंपासोबत पिशवीत तीन-चार नोझलं येतात आणि त्यातलं जे आधीपासून लावलेलं असतं तेच बहुतेक जण वापरत राहतात. ते बहुधा पोकळ शंकूचं असतं, म्हणजे फवारा गोल कड्यासारखा पडतो. झाडाच्या पानांत औषध शिरवायला ते चांगलं, पण सपाट लॉनवर त्याचा काही उपयोग नाही, कारण कडेला जास्त आणि मध्ये कमी पडतं. लॉनला पंख्यासारखा सपाट फवारा देणारं फ्लॅट फॅन नोझल हवं, ज्याला दुकानात बरेच जण 'कट नोझल' म्हणतात. फ्लड जेटही चालतं, पण त्याचे थेंब मोठे आणि कडा जाड असल्यामुळे एकसारखेपणा साधायला हात चांगला बसलेला लागतो. पितळी नोझलची टोपी फिरवून फवारा बारीक-मोठा करता येणारा प्रकार मोजमापासाठी पूर्ण बाद समजा. टोपी पाव आटा फिरली तरी प्रवाह बदलतो आणि केलेली सगळी मोजणी वाया जाते.

चांगल्या फ्लॅट फॅन नोझलवर ११००२ किंवा ११००३ असा आकडा असतो. पहिले तीन अंक फवाऱ्याचा कोन, ११० अंश, आणि शेवटचे दोन अंक आकार सांगतात. रंगही ठरलेले आहेत, कुठल्याही कंपनीचं नोझल असो. ३ बार दाबाला नारिंगी ०१ मिनिटाला सुमारे ४०० मिली देतं, पिवळं ०२ सुमारे ८०० मिली, निळं ०३ सुमारे १२०० मिली, लाल ०४ सुमारे १६०० मिली. पाठीवरच्या पंपाचा दाब बऱ्याचदा यापेक्षा कमी असतो, त्यामुळे प्रत्यक्षात कमी पडेल. निळं नोझल २ बारला लिटरच्या आसपास येतं.

नोझल काढून गाळणी बघा. कचरा अडकला असेल तर जुन्या टूथब्रशने पाण्यात घासा. टाचणी, तार किंवा खिळा घालायचा नाही, कारण त्या भोकाची धार हेच नोझलचं सगळं भांडवल. तोंडाने फुंकून मोकळं करायची सवय तर आजच सोडा. गाळणी फाटली असली तर बदला, ती दहा-वीस रुपयांची वस्तू असते.

टाकीवरच्या खुणांवरही आंधळा विश्वास नको. एक लिटरच्या मोजलेल्या बाटलीने टाकी भरत जा आणि प्रत्येक दोन लिटरला बाहेरून पर्मनंट मार्करने रेघ मारा. छापील खूण आणि तुमची रेघ यांत फरक निघाला तर छापील खूण विसरा.

एका मिनिटात किती पाणी पडतं

टाकीत साधं पाणी भरा, बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या. रेग्युलेटर असेल तर तो प्रत्यक्ष फवारणीत जिथे ठेवणार तिथेच ठेवा. आधी थोडं पाणी सोडून नळीतली हवा काढा. मग नोझल बादलीत धरून मोबाइलवर एक मिनिट लावा आणि जमलेलं पाणी मोजपात्रात ओता. हे तीनदा करा. तिन्ही आकडे एकमेकांच्या आसपास, म्हणजे पाच टक्क्यांच्या आत, असायला हवेत. ९८०, १०१०, १००५ आलं तर उत्तम, सरासरी १ लिटर धरा. ९००, १०४०, ८२० असं आलं तर पंपात काहीतरी गडबड आहे: वॉशर गेलेला, व्हॉल्व्हमध्ये घाण, किंवा बॅटरी दम सोडतेय. अशा पंपावर पुढची पायरी करू नका, आधी दुरुस्ती.

बॅटरीच्या पंपात एक फसवी गोष्ट असते. चार्ज उतरत गेला की दाब हळूहळू घटतो आणि पाठीवर असलेल्या माणसाला तो कळत नाही, कारण फवारा दिसायला तसाच दिसतो. म्हणून एकदा बॅटरी पूर्ण चार्ज असताना आणि एकदा दोन-तीन टाक्या मारून झाल्यावर मोजा. फरक दहा टक्क्यांच्या वर गेला तर अर्ध्या कामात बॅटरी बदलायची किंवा काम दोन दिवसांत वाटायचं.

हँडलच्या पंपात दाब माणसाच्या हातात असतो. मिनिटाला अमुक इतके झटके अशी लय ठरवा आणि चालतानाही तीच ठेवा, पावलांबरोबर जोडली की सोपं जातं. नोझलच्या मागे लावायचा दाब स्थिर ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह मिळतो. दाब ठरलेल्या पातळीखाली गेला की तो फवाराच बंद करतो. हँडलच्या पंपाने नेहमी लॉन मारणाऱ्याने हा एकच जास्तीचा खर्च केला तरी पुरे, असं माझं मत आहे.

नवं नोझल आणलं की त्याच दाबावर त्याचा प्रवाह लिहून ठेवा. जुनं नोझल नव्यापेक्षा दहा टक्के जास्त पाणी द्यायला लागलं की ते झिजलं, फेकून द्या. झिजलेलं भोक डोळ्यांना दिसत नाही, मापाला लगेच दिसतं.

पट्ट्याची रुंदी कोरड्या काँक्रीटवर ठरते

पार्किंगच्या कोरड्या काँक्रीटवर किंवा फरशीवर जा. नोझल लॉनवर जितक्या उंचीवर धरणार तितक्याच उंचीवर धरा, गुडघ्याच्या थोडं खाली म्हणजे ३५ ते ४० सेंटिमीटर. नेहमीच्या चालीने सरळ पुढे जा आणि ओला पट्टा मोजा. ११० अंशाचं नोझल या उंचीवर साधारण मीटरभर पट्टा ओला करतं. पण हा सगळा मीटर कामाचा नाही, कारण पंख्याच्या दोन्ही कडांना पाणी पातळ होत जातं. शेजारचा पट्टा थोडा आत घेऊन ती पातळ कड भरून काढायची असते.

म्हणून पहिल्या पट्ट्याच्या शेजारून ७० सेंटिमीटर अंतरावर दुसरा पट्टा मारा आणि दोन मिनिटं थांबून काँक्रीट वाळताना बघा. दोन पट्ट्यांच्या मधली रेघ आधी वाळली तर तिथे पाणी कमी पडतंय, अंतर ६० वर आणा. मधली रेघ सगळ्यात शेवटी वाळली तर तिथे दुप्पट पडतंय, अंतर ७५-८० करा. सगळं एकसाथ वाळलं की तुमची कामाची रुंदी सापडली. याच तपासणीत नोझलचा दोषही कळतो: एका बाजूला बोटभर ओली धार आणि दुसरीकडे कोरडं असेल तर नोझल गेलेलं आहे.

हे करून झालं की काँक्रीटचा निरोप घ्या. चाल इथे मोजायची नाही, कारण फरशीवर माणूस भरभर चालतो आणि गवतात पाय आपोआप जड पडतो.

चाल, आणि तिच्यावरून गुंठ्याचं पाणी

लॉनवर ३३ फूट लांब आणि साडेसोळा फूट रुंद तुकडा आखा, म्हणजे बरोबर अर्धा गुंठा. कोपऱ्यांना खुंट्या, कडांना सुतळी किंवा मैदानावर मारतात तशी फक्की. जो माणूस खरी फवारणी करणार त्यानेच हे करायचं, गमबूट घालून, टाकी अर्धी भरलेली पाठीवर घेऊन. मालकाने मोजणी करायची आणि माळ्याने फवारायचं, हे चालणार नाही, कारण दोघांची पावलं वेगळी.

पंप सपाट जागी ठेवा, नळी भरून घ्या, आणि टाकीतलं पाणी एका रेघेपर्यंत आणा. मग तुकडा पूर्ण मारा, पट्ट्यांतलं अंतर काँक्रीटवर ठरलं तेवढंच. कडेला पोचलात की खटका सोडा, वळा, पुढच्या पट्ट्याला सुरुवात करताना पुन्हा दाबा. वळताना खटका दाबून ठेवायची सवय असेल तर लॉनच्या कडेची जळलेली अर्धवर्तुळं तिथूनच येतात. दांडी डावी-उजवीकडे झुलवत चालायचं नाही, पट्टा सरळ आणि नोझल समोर स्थिर. झुलवणाऱ्याच्या मागे कोयत्याच्या आकाराचे कोरडे तुकडे राहतात, हे पाण्यानेही दिसतं.

दुसऱ्या कोणाला घड्याळ धरायला सांगा, फक्त खटका दाबलेला वेळ मोजायचा. ३३ फुटांचा एक पट्टा २० सेकंदांत होत असेल तर चाल चांगली आहे, न धावता न रेंगाळता. काम झालं की पंप पुन्हा त्याच सपाट जागी ठेवा आणि मोजलेल्या पाण्याने टाकी मूळ रेघेपर्यंत भरा. जितकं पाणी घालावं लागलं तितकं अर्ध्या गुंठ्यावर पडलं.

समजा २.४ लिटर घालावं लागलं. तर गुंठ्याला ४.८ लिटर. आता घड्याळाने पडताळा: फवारण्याचा वेळ १४४ सेकंद, म्हणजे २.४ मिनिटं, आणि मिनिटाला १ लिटर, म्हणजे २.४ लिटरच. दोन्ही आकडे जुळले. दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर कुठेतरी गळती आहे किंवा चालताना दाब बदलतोय, ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. मोजणी दोन-तीनदा करून सरासरी घ्या. पहिल्या खेपेला सगळेच जरा सावध चालतात.

आता औषध

१६ लिटरच्या टाकीला ४.८ ने भागा: ३.३३. म्हणजे या माणसाची, या नोझलची एक टाकी ३.३३ गुंठ्यांना पुरते. माहितीपत्रकावर हेक्टरी १ लिटर असेल तर गुंठ्याला १० मिली, म्हणून पूर्ण टाकीला ३३ मिली. दुकानदाराच्या तीस मिलीच्या जवळच आलं की, असं वाटेल. पण झपझप चालणारा, गुंठ्याला ३ लिटरच टाकणारा माणूस घ्या. त्याची टाकी ५.३३ गुंठे जाते, त्याला ५३ मिली हवेत. तो तीस घालून फिरला तर गुंठ्याला साडेपाच मिलीच पडतात आणि तण फक्त कोमेजून पुन्हा उठतं. उलट हळू चालून गुंठ्याला ८ लिटर टाकणाऱ्याला टाकीला २० मिली पुरतात. त्याने तीस घातले की दीडपट मात्रा झाली, आणि गवताला तिचा झटका बसतो.

आपल्या उदाहरणातलं लॉन १.४७ गुंठ्यांचं आहे. त्याला १.४७ गुणिले ४.८, म्हणजे ७ लिटर पाणी आणि १५ मिलीला किंचित कमी औषध. इथे पूर्ण टाकी भरायची गरजच नाही. जितकं लागणार तितकंच द्रावण करा. उरलेलं द्रावण गटारात, नाल्यात किंवा कुंडीत ओतणं हा पर्याय नाही, म्हणून उरू न देणं हाच शहाणपणा.

माहितीपत्रकावरच्या तक्त्यात एक सापळा असतो. एका रकान्यात सक्रिय घटकाचं, म्हणजे औषधातल्या मूळ रसायनाचं, प्रमाण असतं आणि शेजारच्या रकान्यात प्रत्यक्ष बाटलीतल्या औषधाचं. आपल्याला दुसरा रकाना हवा. पुढच्या रकान्यात पाण्याचं प्रमाण दिलेलं असतं, आपलं गुंठ्याचं पाणी त्याच्या आसपास येतंय का ते बघा. आणि तक्त्यात लॉनचा किंवा गवताचा उल्लेख नसेल तर पिकाची मात्रा उचलून लॉनवर मारू नका, आधी कृषी अधिकाऱ्यांशी किंवा कृषी विज्ञान केंद्राशी बोला. ग्लायफोसेट हिरव्या लॉनवर मारायचंच नाही, ते तणासोबत लॉनही संपवतं. हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

'लिटरला २ मिली' किंवा 'लिटरला ५ ग्रॅम' अशा शिफारशी बुरशीनाशकांच्या आणि विद्राव्य खतांच्या असतात. तिथे मोजणीची गरज नाही असं वाटतं, पण लिटरला ५ ग्रॅमने केलेलं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के) खताचं पाणी गुंठ्याला ३ लिटर पडलं तर १५ ग्रॅम खत गेलं, आणि ८ लिटर पडलं तर ४० ग्रॅम. तीव्रता तीच, हिशोब वेगळा.

मापं घेताना बाटलीचं झाकण हे माप समजू नका. मेडिकलमधून सुई नसलेली १० किंवा २० मिलीची सिरिंज आणा आणि तिच्यावर 'औषध' लिहून घरापासून लांब ठेवा. दाणेदार औषधांची मात्रा फार थोडी असू शकते. उसातल्या लव्हाळ्यासाठी वापरलं जाणारं हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल ७५ टक्के घ्या: एकरी ३६ ग्रॅम, म्हणजे गुंठ्याला ०.९ ग्रॅम. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा इथे निरुपयोगी आहे. दशांश ग्रॅम दाखवणारा, सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा लागतो, आणि तो आता महाग राहिलेला नाही. चमच्याने अंदाज करणाऱ्याने अशा औषधाच्या वाटेला जाऊ नये.

पाणी कमी-जास्त करायचं असेल तर

मोजणी केली आणि गुंठ्याला ३ लिटरच पडतंय, पण माहितीपत्रक ५ लिटर मागतंय. पहिला मोह असतो दाब वाढवायचा. तो टाळा. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे पाणी दुप्पट करायला दाब चौपट लागतो, आणि तेवढ्या दाबाने थेंब इतके बारीक होतात की ते धुक्यासारखे उडून शेजारच्या गुलाबावर जातात. आधी चाल थोडी कमी करून बघा. तेवढ्याने भागलं नाही तर एक आकार मोठं नोझल लावा, पिवळ्याच्या जागी निळं, आणि सगळं पुन्हा मोजा. पाणी जास्त पडत असेल तर उलट.

ज्यांना अगदी एकसारखं काम हवं, त्यांनी उभं-आडवं फवारावं. एकदा लांबीने, मग काटकोनात रुंदीने. पाणी दुप्पट लागतं, म्हणून टाकीतलं औषध निम्मं करायचं. उदाहरणातल्या माणसाला गुंठ्याला ९.६ लिटर पडेल, टाकी १.६७ गुंठ्यांना पुरेल आणि तिला १७ मिली औषध लागेल. एखादा पट्टा चुकला तरी दुसऱ्या दिशेने अर्धी मात्रा तरी मिळते. वेळ जास्त जातो, पण सोसायटीच्या समोरच्या लॉनसाठी मी हेच सुचवेन.

छोटा हातपंप, आणि मोठी गन

दोन ते पाच लिटरचे दाबाचे हातपंप छोट्या अंगणाला ठीक आहेत. त्यांचा दोष असा की हवा भरली तेव्हा दाब जास्त आणि मग सतत उतरता. टाकी तीन-चतुर्थांशच भरा, वर हवेला जागा हवी, आणि दर अर्ध्या मिनिटाने दोन-चार झटके मारून दाब धरून ठेवा. मोजणीही तसेच झटके मारत करा, आणि तुकडा पाव गुंठ्याचा घ्या, साडेसोळा फूट लांब, साडेसोळा फूट रुंद. आलेल्या पाण्याला चारने गुणा.

एचटीपी पंपाची, म्हणजे बागा फवारायच्या मोठ्या जास्त दाबाच्या पंपाची, गन मात्र लॉनवर तणनाशकासाठी नको. डाळिंबाच्या बागेत ती शोभते. तिच्या पाण्याला ना ठरलेली रुंदी, ना ठरलेली चाल.

प्रत्यक्ष फवारणी

सकाळी सात-साडेसातला सुरुवात करा. झाडाची पानं हलकेच हलताहेत इतका वारा चालतो, फांद्या हलायला लागल्या की थांबा. २,४-डी हे रुंद पानांच्या तणांचं तणनाशक असेल तर जास्तच काळजी. द्राक्ष, कपाशी आणि टोमॅटो यांना त्याचा वासही सोसत नाही म्हणतात ते खरं आहे, त्याची वाफ आणि उडालेले थेंब दोन्ही त्यांची पानं वेडीवाकडी करतात. नाशिककडच्या फार्महाउसच्या लॉनला लागून कोणाची तरी द्राक्षबाग असतेच. तिथे २,४-डीच्या एस्टर प्रकारापेक्षा अमाइन क्षाराचा प्रकार कमी वाफ करतो, पण बाग अगदी कुंपणाला असेल तर हाताने खुरपणं हाच मार्ग.

हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, चष्मा, मास्क, गमबूट. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना शेकडो जणांना विषबाधा झाली आणि अनेक जण दगावले. लॉन पायाखाली असतं आणि कपाशी डोक्याएवढी होती, एवढाच फरक, औषध तसंच असतं. डब्यावरचा त्रिकोण बघा: लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. मुलं खेळतात त्या लॉनवर लाल-पिवळ्या त्रिकोणाची गरज पडायला नको.

टाकीत आधी निम्मं पाणी, मग बादलीत वेगळं कालवलेलं औषध गाळणीतून, मग उरलेलं पाणी. पट्ट्यांसाठी दोन्ही कडांना ७०-७० सेंटिमीटरवर खुंट्या रोवा आणि समोरच्या खुंटीकडे बघत चाला, पायाकडे नाही. काम संपल्यावर टाकीत किती उरलं ते बघा. ७ लिटरच्या हिशोबात पाऊण लिटर उरलं तर दहा टक्क्यांहून थोडं जास्त कमी पडलं, म्हणजे चाल वाढली होती. लॉन संपायच्या आत टाकी संपली तर उलट. दोन्हीची नोंद करा, पुढच्या वेळी मोजणी त्यावरून सुरू होते.

टाकी तीनदा थोड्या-थोड्या पाण्याने खळबळून ते पाणी त्याच लॉनवर, दांडीतून, पातळ फवारून टाका. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा आणि त्यावर लाल रंगाने तसं लिहा, कितीही धुतला तरी गुलाबाला तो वापरायचा नाही. टाकीच्या झाकणाच्या आत मार्करने लिहा: कोणी मारलं, कोणतं नोझल, गुंठ्याला किती लिटर, तारीख. माळी बदलला, नोझल बदललं, बॅटरी नवी घेतली, किंवा पावसाळ्यात गवत घोट्याच्या वर गेलं, की ती ओळ खोडून अर्ध्या गुंठ्याची मोजणी पुन्हा करायची.